‘निवल्यावर’ म्हणजे ‘ठंडा’ नव्हे

फरीदाबादच्या आमच्या जुन्या कारखान्यातले चार निवृत्त मराठी लोक एकत्र आले की तो किस्सा निघतोच. पोलाद घडवणाऱ्या उस्तादाने थंड पोलादावर हॅमर चालवला, म्हणून डाय, म्हणजे प्रेसमधला पोलादी साचा, फुटली, आणि साहेबांनी ते अचूक पकडले. साहेब म्हणजे मी. गेल्या महिन्यात कस्तुरबा गांधी मार्गावर जेवायला जमलो, तिथेही तो निघाला. मी ताट बाजूला सारून म्हणालो, “हे धादांत खोटे आहे.”

“अहो, रिपोर्ट तुम्हीच लिहिलात ना?”

“म्हणूनच मला ठाऊक आहे.”

ते हसले. म्हातारा विनय दाखवतो आहे, असे त्यांना वाटले. विनय माझ्या स्वभावात कधीच नव्हता.

ती डाय भरपूर क्रोमियमच्या पोलादाची होती. असे पोलाद कडक होते, झीज सोसते. चिवटपणा मात्र त्याच्याकडून मिळवावा लागतो. त्यात कठीण कणांचे जाळे असते. तापलेला गोळा उभा-आडवा घडवून ते फोडले नाही, तर पोलाद त्याच रेषेत तुटते. उस्ताद हे नजरेने करी. गोळ्याचा रंग उतरू लागला की हॅमर थांबे आणि गोळा पुन्हा भट्टीत जाई. त्याने थंड पोलाद घडवले, असे म्हणणाऱ्याने त्याला काम करताना पाहिलेले नाही. मी रोज पाहत होतो.

पुढचा उष्णतोपचार माझ्याकडे होता. धगधगती डाय तेलात बुडवली की ती कडक होते आणि काचेसारखी ठिसूळही. हाताला सोसेल इतकी कोमट असतानाच तिला पुन्हा बेताचा ताप द्यावा लागतो, तेच टेंपरिंग. माझ्या मनात मराठीच होते: निवली की लगेच. निवणे म्हणजे गार होणे नव्हे. पण हिंदीत मला तसा शब्द सापडला नाही आणि कुणाला विचारणे मला कमीपणाचे वाटले. भट्टीवाल्याला सांगितले, “ठंडी होने पर डालना.” त्याने तंतोतंत ऐकले. शनिवारी डाय पार गार होईपर्यंत पाळी संपली. ती सोमवारी भट्टीत गेली.

प्रेसवर पहिल्याच दिवशी ती दुभंगली. तुटलेल्या तोंडाच्या कडेला फिकट सोनेरी पट्टा होता. घडवतानाची चीर असती, तर आत काळी खपली दिसली असती. सोनेरी रंग टेंपरिंगच्या बेताच्या तापात उघड्या पोलादावर चढतो. म्हणजे अर्थ एकच: डाय कडक झाल्यावर, टेंपरिंगच्या आधी, तडा गेला होता. मी तो पट्टा ओळखला आणि अहवालात लिहिले, ‘घडाईतील दोष’. उस्तादाला हॅमरवरून काढून गोदामात बसवले. निवृत्त होईपर्यंत तो तिथेच होता.

त्या जेवणानंतरच्या रविवारी मी बल्लभगढला त्याच्या घरी गेलो आणि सगळे सांगितले. ऐकून झाल्यावर तो म्हणाला,

“रंग तो मैंने भी देखा था, साहब.”

“फिर बोले क्यों नहीं?”

“मैं सोचता था, आप बोलेंगे.”

त्याने आतून मुलाला हाक मारली. तो आता चाळिशीचा, त्याच कारखान्यात फिटर आहे; बापाच्या चुकीचा किस्सा तिथे त्यालाही ऐकवतात. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले, या वेळी हिंदी शब्द जपून निवडत.

“अंकल, अपने लोगों को बताया?” त्याने विचारले.

“बताया. हँसने लगे.”

उस्ताद मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत म्हणाला, “तो लिखकर दीजिए, साहब. तब भी लिखकर ही दिया था.”