वहिनीच्या संत्र्यांवरचा आळ

ही हकीकत सांगायची मी वर्षानुवर्षे टाळली. घरात थोरल्या भावाचा विषय निघाला की मी चपला घालून बाहेर पडत असे.

सत्तावन्नच्या फ्लूची साथ अकोल्यात रेंगाळली होती. भाऊ तिथे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. त्याला तो ताप जबर चढला, छाती भरली. मी अमरावतीच्या आखाड्यात कुस्ती खेळत होतो. आईने बोलावलं, म्हणून आलो. बऱ्याच दिवसांनी ताप उतरला. वहिनीच्या माहेरून, मोर्शीहून, संत्र्यांची टोपली आली. वहिनी संत्री सोलून त्याला एकेक फोड भरवायची. आई कुरकुरायची, "तापातून उठला माणूस, अन् हे थंड चारून राहिली."

मग भावाची डावी पोटरी सुजली. लाल, गरम, हात लावू देईना. मी दवाखान्यात जाऊन विचारलं. डॉक्टर म्हणाले, "अजिबात चोळू नका. पाय उशीवर ठेवा, त्याला उठू देऊ नका. संध्याकाळी मी येतो."

मला हसू आलं. आखाड्यात रोज चोळून पाय मोकळे करणारे आम्ही. आम्हाला हे पायाचं शिकवणार?

घरी वहिनीने विचारलं, "भाऊजी, काय म्हने डाक्तर?"

"तेल लावून चोळा म्हने," मी म्हणालो, आणि तेलाची वाटी चुलीवर ठेवली.

भाऊ आधी ओरडला, मग हसला. "काहून बे, म्हैस समजून राहिला का मले?" मी अंगठे रुतवून चोळत राहिलो. थोड्या वेळाने तो पाणी प्यायला उठला. छातीवर हात गेला, धाप लागली. खाली बसला, तो पुन्हा उठलाच नाही.

डॉक्टर आले. त्यांनी तेलाची वाटी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. आईने टोपलीकडे बोट केलं, "यानंच घेतला माह्या लेकाचा जीव." संत्र्याने असं होत नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण ऐकायला कोण होतं? मी ऐकलं, आणि गप्प राहिलो. तेरावं झाल्यावर वहिनीला माहेरी पाठवलं. परत कोणी आणली नाही.

बऱ्याच वर्षांनी डॉक्टर झालेल्या भाच्याने मला समजावलं. असा विषाणू जबर बाधला की शरीराच्या त्याच्याशी चाललेल्या झगड्यातच रक्तवाहिन्या आतून सुजतात, आणि कुठे जखम नसतानाही रक्त गोठू लागतं. त्यात माणूस अंथरुणाला खिळलेला. पोटरीत गाठ धरते. ती सुटली तर फुप्फुसाची वाट अडवते. "मामा, न चोळताही सुटली असती कदाचित," तो म्हणाला. त्या 'कदाचित'चा आधार घेऊन पाहिला. टिकला नाही. मला नको म्हणून सांगितलं होतं.

त्याआधी, साठ सालानंतर एकदा वरूडला जाताना मुद्दाम मोर्शीला उतरलो. सगळं सांगायचंच, असं ठरवून. वहिनीने पाणी दिलं, आईची विचारपूस केली. मग पदर सावरत म्हणाली, "भाऊजी, खरं सांगा. संत्र्यानंच झालं असन का वो?"

"जाऊ द्या वहिनी. नशीब होतं त्याचं."

तिने मान हलवली आणि पेला उचलून आत नेला.

नाही वहिनी, संत्र्याने नाही. डॉक्टरांनी नको म्हटलेलं तुमच्यापासून लपवून मी पाय चोळला, मला माफ करा. पुढच्या बसमध्ये खिडकीशी बसून हे वाक्य मी नीट जुळवलं. वहिनी गेली तोवर ते माझ्याजवळच होतं.