सव्वातीन एकराचे पावणेपाच

चहा आधी खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडेल. फजिती माझीच आहे, तेव्हा हसायला हरकत नाही.

तीस वर्षं बातमीदारी केली, भल्याभल्यांना जाब विचारले, पण बातमीत आकडा आला की ती दुसऱ्याकडे सरकवायचो! ज्याचं डोकं भाषेत चालतं त्याचं गणितात चालत नाही, ही माझी पक्की समजूत. मग मोबाइलवर गणिताची भीती घालवणारे धडे सापडले. आठ दिवसांत दशांशापर्यंत पोचलो. भीती गेली! इतकी गेली, की कोणाचं तरी गणित चुकलेलं सापडावं म्हणून मी फिरू लागलो.

आणि सापडलं ना! आमच्या जैनथच्या तहसील ऑफिसात. वांगी-टमाटे पिकवणाऱ्या काशीबाई आपलं वावर दोन मुलांत, किसन आणि गजाननमध्ये, सारखं वाटत होत्या. हे भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आज कसेबसे सहीला तयार झालेले. मी कागद ओढला. एकूण जमीन ३.१०. वाटा प्रत्येकी १.२५.

मोबाइल काढला. भागिले दोन... १.५५!

"थांबवा सह्या!" मी ओरडलो. "प्रत्येकाचे तीस गुंठे गायब! एकूण साठ! कोणाच्या घशात गेले?"

कारकून म्हणाला, "सार, जरा ऐका..."

"ऐकायचे दिवस गेले! आता छापायचे!"

किसननं पेन खाली ठेवलं. "मले पंचावनच पायजे."

"मंग मी काऊन पंचवीस घेऊ?" गजानन उसळला. "मलेबी पंचावन!"

झालं! जमत आलेली वाटणी मी मोडली.

काशीबाईंनी कपाळाला हात लावला. "भाऊ, एकरात गुंठे किती?"

"चाळीस." एवढं मलाही माहीत होतं.

"मंग एक एकरावर पंचावन गुंठे कसे रायतीन? चाळिसाचा एकर झाला, वर पंधरा. म्हंजे एकेकाले दोन एकर पंधरा गुंठे. दोघाचं किती?"

मी घाम पुसला. "चार एकर... तीस गुंठे."

"पावनेपाच एकर! माह्या सव्वातीन एकराचं पावनेपाच केलं तुमी! वरचं दीड एकर तुमच्या अंगणातून देता काय?"

अहो, तो ठिपका दशांशाचा नव्हताच! आपल्या इकडे कागदावर ठिपक्याच्या अलीकडे एकर, पलीकडे गुंठे. जन्म इथे गेला माझा! पण नवा नवा दशांश शिकलेला माणूस, त्याला सगळीकडे दशांशच दिसणार.

"आता मोबाइल खिशात टाका अन् तुमीच अर्धं करा."

"मला नाही जमणार हो, काशीबाई."

"काऊन नाही जमनार? चुकीचं तं केवढ्या जोरात केलं! बरोबर हळू करा."

बोटं मोजत बसलो. तीन एकरांचे एकशेवीस गुंठे, वर दहा. एकशेतीस. अर्धे पासष्ट. त्यातून एक एकर काढला, उरले पंचवीस. एक एकर पंचवीस गुंठे! कागदावर होतं तेच, अगदी तेच! आयुष्यात पहिल्यांदा माझं गणित बरोबर आलं, आणि नेमकं माझ्याच विरुद्ध आलं.

सह्या झाल्या. आणि दोन वर्षांत पहिल्यांदा किसन भावाकडे वळून बोलला.

"हा मानूस पेपरात लिवते म्हने."

"म्हनूनच तं," गजानन म्हणाला, "मी पेपरात वांगे बांधतो."