बॅनर आधी, समुद्र नंतर

रंधा मारताना ढलप्या कुठे पडतात याकडे सुताराचं लक्ष नसतं. संध्याकाळी खाली बघावं तर पायाशी ढीग! आमच्या मंडळाच्या किश्श्यांचं तसंच आहे. लखनौत इंदिरा नगर, विकास नगर मिळून मराठी घरं ती किती! वर्षातून गणपती, संक्रांत आणि एक ट्रिप. गेल्या वर्षीची ट्रिप बालीला गेली. अजूनही चहाला चार माणसं जमली की बालीचा विषय निघतो आणि सगळे पोट धरून हसतात.

मी हसत नाही. मला अजून राग आहे. मी शाळेत गेलेला माणूस नाही, जन्मभर लाकूड तासलं. मंडळाचं मखर मी करतो म्हणून मला सगळे मोरेकाका म्हणून ओळखतात. माझा राग लाकडाला लावलेला सरस वाळतो तसा, सावकाश. पण एकदा धरला की धरला. तेव्हा तेच किस्से आता जरा माझ्याकडून ऐका.

*

कानडेसाहेब आमचे अध्यक्ष. बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झाले, पण मॅनेजरकी काही रिटायर झाली नाही. ट्रिपच्या मीटिंगमध्ये उभे राहून म्हणाले, "बाली हे ज्वालामुखीचं बेट! काळ्या वाळूचे बीच! चार दिवसांत सात बीच करायचे!"

माझी बायको वत्सला कधी बोलत नाही मीटिंगमध्ये. त्या दिवशी बोलली. "साहेब, पाण्यात पाय बुडवता येतील ना?"

ती वर्ध्याकडची. लग्न होऊन आली ती लखनौत. सत्तरी आली तरी समुद्र पाहिलेला नाही. पाणी म्हणजे गोमती, तीसुद्धा पुलावरून! मुलानं तिकिटं काढून दिली ती याचसाठी, की बाबा, आईला एकदा समुद्र दाखवा.

साहेब म्हणाले, "वहिनी, पाय काय घेऊन बसलात, बुडी मारा!"

सगळे हसले. वत्सला दुसऱ्या दिवशी चौकातल्या दुकानात गेली आणि लवकर वाळेल अशी साडी मागितली. दुकानदार म्हणाला, "अम्मा, ये तो पहनते-पहनते सूख जाएगी!" तिनं ती पिशवीत सगळ्यात वर ठेवली.

*

पहिला बीच. बस थांबली आणि समोर काळी वाळू! नुसती काळी नाही, तव्यासारखी चमकणारी. वत्सलानं माझा हात घट्ट धरला.

तेवढ्यात साहेबांनी शिट्टी फुंकली. "कोणी पुढे जायचं नाही! बॅनर आधी, समुद्र नंतर!"

बॅनर म्हणजे बारा फुटांचा फ्लेक्स. त्यावर मंडळाचं नाव आणि बाजूला साहेबांचा फोटो, नावापेक्षा मोठा. प्रत्येक बीचवर बॅनरसकट ग्रुप फोटो हवा, मंडळाच्या स्मरणिकेत सात छापायचे होते. एक टोक मी धरलं, दुसरं बसच्या ड्रायव्हरनं. वारा असा की फ्लेक्स शिडासारखा फुगायचा. कोणाचे डोळे मिटले, कोणाची टोपी उडाली, पुन्हा घ्या, पुन्हा घ्या! अर्धा तास गेला. फोटो झाला आणि लगेच शिट्टी. "चला, बसमध्ये!"

पाणी वीस पावलांवर होतं. वीस! वत्सला तिथंच उभी.

"पुढच्या बीचवर, वहिनी!" साहेब म्हणाले.

फोटो ग्रुपवर पडला तसा लखनौहून नातीचा फोन. "आजोबा, फोटो में आप हैं कहाँ?"

म्हटलं, "डावीकडे बघ बाळा. ती चार बोटं माझी."

*

दुसऱ्या बीचवर भाषण झालं. शेवडेबाई आमच्यातल्या शिकलेल्या, लखनौतल्याच एका संस्थेत संशोधन केलेल्या. त्यांनी मूठभर वाळू उचलली आणि म्हणाल्या, "मोरेकाका, हा डोंगराच्या पोटातला विस्तव बरं का. वितळला, वाहिला, निवला आणि लाटांनी त्याचा चुरा केला." मला फार आवडलं. हातात घेऊन बघितली तर जड, कानशीनं लोखंड घासल्यावर पडणाऱ्या किसासारखी.

पण साहेबांनी लगेच ताबा घेतला. "बाईंनी थोडक्यात सांगितलं. मी सविस्तर सांगतो!" त्यांच्या तोंडावर ऊन नको म्हणून आम्हाला फिरवून उभं केलं. समुद्राकडे पाठ करून आम्ही पाऊण तास समुद्रावर भाषण ऐकलं!

शेवटी विचारलं, "काही शंका?"

शेवडेबाई म्हणाल्या, "एकच. मागे वळलं तर चालेल का?"

*

तिसऱ्या बीचवर मात्र आम्ही दोन तास थांबलो. कशासाठी? तिथल्या हॉटेलात डाळ मिळत होती! साहेबांनी ती तीनदा परत पाठवली. जिरं करपलं, मीठ कमी, आता पातळ झाली. वाढणारा पोरगा हात जोडून हसत होता. खिडकीतून लाटा दिसत होत्या. वत्सलानं दोन घास खाल्ले, हळूच उठली, गुडघ्यावर हात ठेवत दारापर्यंत गेली.

"वहिनी, कुठे? जेवण गरम आहे तोवर बसा. समुद्र कुठे पळून जातोय?"

ती परत येऊन बसली. डाळ चौथ्यांदा आली.

*

चौथा तसाच गेला. पाचव्याचं तर सांगायलाही लाज वाटते. उशीर झाला होता. आमचा गाइड वायन, गरीब बिचारा, म्हणाला, "सर, नो टाइम, बीच देअर," आणि काचेतून बोट दाखवलं. साहेबांनी बस थांबवलीसुद्धा नाही. आम्हाला सीटवर उभं केलं, बॅनर आतल्या आत धरायला लावला, काचेमागे समुद्र येईल असा फोटो काढला आणि यादीवर टिक मारली. "पाच झाले!"

सहावी टिक अशीच, वळणावरून.

वत्सला काचेला नाक लावून बसली होती. तिच्या डोक्यावर बॅनरचा कोपरा आला होता. मी तो उचलून धरला. बस थांबेपर्यंत उचलून धरला.

*

शेवटच्या दिवशी सकाळी ती खोलीत दिसेना. बघतो तर हॉटेलच्या पोहण्याच्या तलावापाशी, पाय आत सोडून बसलेली.

"समुद्र नाही हा," ती म्हणाली.

"कशावरून?"

"चाखून बघितलं."

मी तसाच साहेबांकडे गेलो. चाळीस वर्षांत कोणाला उलट बोललो नव्हतो. म्हटलं, "साहेब, आज तिला पाण्यात उतरवायचं आहे. फोटो नंतर."

ते चहा ढवळत म्हणाले, "मोरेकाका, ग्रुपची एक शिस्त असते. तुम्हाला नाही कळायचं ते."

नाही कळायचं! माझ्या मुठी वळल्या. म्हटलं, "बरं."

*

आणि आता सातवा. हा मंडळात कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

भर दुपार. काळी वाळू तापून निखारा झालेली. वत्सलानं नवी साडी नेसली होती. वाळूच्या कडेला आली आणि चपला काढल्या.

"अगं, भाजेल! घाल चपला."

"पहिल्यांदा भेटायचं, ते चपला घालून?" ती म्हणाली. पाच पावलं गेली आणि कळवळून मागे आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. तळवे लाल झाले.

साहेब झाडाच्या सावलीत उभे. फोटोसाठी बूट-मोजे काढून पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. ओरडले, "वहिनींना बसमध्ये बसवा! मोरेकाका, बॅनर घ्या!"

मी बॅनर घेतला. गुंडाळी सोडली. आणि वाळूवर अंथरला.

"अहो! काय करताय?"

वत्सलाला हात दिला. ती बॅनरवर चढली आणि पुढच्या टोकापर्यंत चालत गेली. मी मागचं टोक उचलून तिच्या पुढे टाकलं. एकट्याला जमेना तसं शेवडेबाईंनी दुसरा कोपरा धरला. वायन धावत आला. उचल, टाक. उचल, टाक. असे आम्ही पाण्याकडे निघालो.

"अहो, त्यावर माझा फोटो आहे!"

वत्सला थबकली, खाली बघितलं आणि पदर सावरून जरा बाजूनं गेली.

मग लाट आली. तिनं वाकून हात पाण्याला लावले, ते डोळ्यांना लावले आणि साडीसकट खाली बसली. दुसरी लाट तिच्या मांडीवर फुटली. लहान मुलीसारखी हसली हो! हे हसणं मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात साहेब बॅनर वाचवायला सावलीतून धावत सुटले. अनवाणी! दहा पावलांवर त्यांना वाळू कळली. एक पाय वर, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. ना मागे जाता येई, ना पुढे.

वत्सलानं पाण्यातूनच मान वळवली. काळजीनं म्हणाली, "भाजेल हो, साहेब. बॅनरवरून या ना!"