वरच्या खोलीतला आबा

८ डिसेंबर. मी माडीवरच्या खोलीच्या भिंती घासत होते. चुना लावून झाला की नवे भाडेकरू यायचे होते. तेवढ्यात पोस्टमन आला आणि एक लांबट लिफाफा देऊन गेला. वर रेडिओ केंद्राचा शिक्का, नाव जुन्या भाडेकरूचं. तीन वर्षं ज्याच्यासाठी माझ्या डोक्यावर पावलं वाजली, ते हे पत्र.

हे गृहस्थ काहीही बोलण्याआधी एक बोट वर करत, स्टुडिओत असल्यासारखे समोरच्या भिंतीकडे बघत आणि क्षणभर थांबत. म्हणत, "लाल दिवा लागू दे, बाई." मग गंभीर आवाजात सांगत, की नळाला पाणी आलंय.

शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात ते 'आबा' होते. संध्याकाळी गावोगावच्या पारावर रेडिओ लागला, की भातावरच्या किडीबद्दल खेड्याच्या बोलीत दटावून सांगणारा, मध्येच खोकणारा म्हातारा. तुमच्यापैकी कोणी ऐकलाही असेल. प्रत्यक्षात वय चाळीस, आणि चिखलात पाय पडला असेल तो लोणावळ्याच्या बाजारात छत्री सांभाळताना. करार संपला, नवा झाला नाही, म्हणून महिनाभरासाठी माझ्याकडे राहायला आले. तो महिना तीन वर्षं चालला.

घसा जपायचा म्हणून चिंच बंद, थंड पाणी बंद. पोस्टमन अकराला येई, यांच्या येरझाऱ्या दहापासून. गॅलरीत आठ पावलं इकडे, आठ पावलं तिकडे. मी दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून आले, की त्या सोळा पावलांखाली मला झोपायचं असे.

एकदा म्हटलं, शाळेत कारकुनाची जागा आहे, अर्ज करा.

"आणि पत्र आलं, मी तिथे अडकलेला असलो तर?"

"तर शाळा सोडा."

त्यांनी बोट वर केलं. दिवा काही लागला नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही दवाखान्यातली माणसं देवीच्या लशी घेऊन कार्ल्याच्या वरच्या वाडीत दोनदा गेलो आणि दोनदा परत आलो. जीप दिसली की माणसं पोरंबाळं घेऊन रानात. तिसऱ्या खेपेला मी यांना म्हटलं, जीपमध्ये हातात धरायचा भोंगा आहे, तुम्ही बोला. ते घाबरले. आवाज जीपवर फिरवतोय हे केंद्राला कळलं तर परत बोलावणार नाहीत, म्हणाले. मी म्हटलं, तीन वर्षं फिरवला नाहीत, तेव्हा कुठे बोलावलं? हे लागलं त्यांना. पण सकाळी मफलर गुंडाळून जीपपाशी उभे होते.

वाडीत चिटपाखरू नव्हतं. त्यांनी भोंगा तोंडाशी धरला, बोट वर केलं, आणि आबाच्या आवाजात खोकले.

बांधाआडून एक म्हातारी आली. जीपला फेरी मारून तिने त्यांना खालीवर न्याहाळलं.

"आबा, तुमीच का? आमाला वाटलं, तुमी वारलं."

"मला काय धाड भरलीया?"

"आता दुसराच कुनी आबा म्हनवतो तितं. त्याला खोकताबी येत न्हाई."

यांचा भोंगा खाली आला. मला वाटलं, आता हे जीपमध्ये जाऊन बसणार. पण तसेच, भोंग्याशिवाय म्हणाले, "मग दंड पुढं कर, म्हातारे."

तिने केला. तिच्यामागून सगळी वाडी आली.

परतताना मी विचारलं, तो खोकला कसला? म्हणाले, कागदाचं पान उलटलं की माईकमध्ये वाजतं, ते लपवायला खोकायचो. नव्या माणसाला हे कोणी सांगितलं नसेल.

पुढे आरोग्यखात्याने त्यांना जीपवरच नेमून घेतलं आणि जुन्नरकडे पाठवलं. निघताना ट्रंक रिक्षात ठेवून परत वर आले. "पत्र आलं तर?"

"पाठवीन."

परवाच त्यांचं कार्ड आलं होतं. दोनच ओळी. चिंचेची आमटी खातो. झोप लागते.

आणि आता हा लिफाफा. दिवसभर तो खुंटीवरच्या पिशवीत होता. आत होकार असेल, नकार असेल, नुसतं 'आवाजाच्या चाचणीला या' असेल. काहीही असलं तरी त्या माणसाची झोप जाणार. लिफाफा चुलीत घातला असता तर कोणाला कळलं नसतं. मी दोनदा चुलीपर्यंत गेलेही. पण झोप त्यांची आणि पत्रही त्यांचंच. राखणीला मला कोणी नेमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुना पत्ता खोडून जुन्नरचा लिहिला आणि पोस्टात गेले. खिडकी उघडायला अवकाश होता. लिफाफा हातात धरून मी ओट्यावर फिरत राहिले. आठ पावलं इकडे, आठ पावलं तिकडे.