बाई घरी एकटी आहे

मराठी मंडळाचा कोणताही कार्यक्रम असो, जेवणं अर्ध्यावर आली की ढोबळेकाका उठायचे आणि म्हणायचे, "निघतो बाप्पा, बाई घरी एकटी आहे." अमेरिकेतल्या चँडलरला आम्ही नवीन होतो. मला वाटलं, बायको अंथरुणाला खिळलेली असणार. म्हणून एका रविवारी मी मऊ खिचडीचा डबा घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या त्यांच्या घरी गेले. काकांनी डबा ठेवून घेतला आणि आतल्या खोलीत नेऊन काचेच्या पेटीत वेटोळं घालून बसलेल्या बाईशी माझी ओळख करून दिली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाई म्हणजे अजगराच्या जातीची एक बिनविषारी, तपकिरी-सोनेरी मादी. मी किंचाळून भिंतीला टेकले, तसे काका म्हणाले, "हळू बोल. तिला पुणेकरांची सवय नाही."

बाई खरं तर त्यांच्या मुलीची, ईशाची. शाळेत असताना तिने हट्टाने पिल्लू आणलं आणि नोकरीसाठी दूर गेल्यावर बेलव्ह्यूच्या फ्लॅटमध्ये पाळीव प्राणी चालत नाहीत म्हणून बापाकडे ठेवलं. काका मूळचे वर्ध्याचे, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आणि अंडंसुद्धा न खाणारे. पण गराजमधल्या छोट्या फ्रीझरमध्ये बाईसाठी गोठवलेले उंदीर नीट रचून ठेवलेले असत. काळजी हा त्यांचा मूळ स्वभाव. उन्हाळ्यात सकाळी एसीचा आवाज जरा बदललेला वाटला, तरी दुपारी ऑफिसातून घरी पळत.

त्यात ईशाने काळजीची मोठीच सोय केली. तिच्या टूसानमधल्या मित्राकडे चांगला नर होता आणि तिला बाईची पिल्लं हवी होती. थंडीत या सापांचा जोडीचा हंगाम. बाई तयार आहे का, हे काकांनी ठरवायचं होतं. काकांनी उंदीर विकणाऱ्या दुकानदाराला विचारलं, इंटरनेटवर ओळखीपाळखी नसलेल्या लोकांना विचारलं. सगळे म्हणाले, वय बसतंय, फक्त वजन वाढवा. मग काय, काकांमधला यजमान जागा झाला. पाहुण्याला आग्रह करावा तसे ते चिमट्याने उंदीर पुढे धरून म्हणत, "अजून एक घे ना बाप्पा." शंकरपाळ्यांच्या डब्यात तिला बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन व्हायचं.

एकदा मी तिथेच उभी होते. काट्यावरचा आकडा पाहून मी कौतुकाने म्हणाले, "काका, बाई काय छान भरलीय हो!"

काकांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं आणि त्या दिवशी मला चहासुद्धा विचारला नाही. माझं काय चुकलं ते मला कळेना.

दोन-तीन दिवसांनी त्यांचाच फोन आला. "मृणाल, बाईला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरकडे चलतेस का? घाबरलो की मला समोरच्याचं ऐकू येत नाही." उशीच्या अभ्र्यात बाई, अभ्रा माझ्या मांडीवर, आणि फ्रीवेच्या सगळ्यात उजव्या, संथ लेनमधून ट्रकच्या मागे आम्ही. जीव माझाही मुठीत होता.

डॉक्टरीणबाईंनी बाईच्या अंगावरून सावकाश बोटं फिरवली आणि मान हलवली. वजन पुरेसं आहे, पण ही चरबी आहे, ताकद नाही. आत्ता अंडी धरली तर ती बाहेर ढकलायला बळ पुरणार नाही. अडकली तर जीव जाईल. खाणं कमी करा, हालचाल वाढवा, पुढच्या वर्षी बघू.

नर येत्या शनिवारीच येणार होता. काका गाडीत बसले, पण गाडी सुरू करेनात.

"माझी कुसुमताई फार बारीक होती," ते समोर बघत म्हणाले. "बघायला येणारे नकार देत. मग आईने डिंकाचे लाडू, तूप घातलेलं दूध सुरू केलं. दुधाचा पेला मीच नेऊन द्यायचो. सगळे म्हणू लागले, पोरगी भरली. लग्न झालं. पहिल्याच बाळंतपणात गेली." थोडं थांबून म्हणाले, "आणि मी बाईला काय करत होतो, मृणाल? तेच ना?"

माझा तो 'भरलीय' शब्द आता मलाच टोचत होता.

ईशाला त्यांनी तिथूनच फोन लावला. ती वैतागलीच. "बाबा, एव्हरीबडी सेज शी इज रेडी! वेट बघा ना तिचं. मी आता कसं कॅन्सल करू?" मुलीला कधी नाही न म्हणणारे काका तिला म्हणाले, "वजन भरलं, बाई नाही भरली. काट्याला काय कळते? कॅन्सल कर."

पुढचं वर्षभर बाईचं पथ्य चाललं. काकांनी तिला चढायला फांद्या आणल्या, संध्याकाळी ते तिला गालिच्यावर फिरवत. काट्याचं वाक्य तर त्यांच्या तोंडी कायमचं बसलं. एकदा मी काकांकडे असताना माझ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "चेहरा भरलाय गं, काही गुड न्यूज?" तर मागून काका ओरडले, "चेहऱ्याला काय कळते, काकू! तिला विचारा!" त्या दिवशी मला ते फार आपले वाटले.

पुढच्या थंडीत डॉक्टरीणबाईंनी होकार दिला, तरी काकांनी आणखी एकदा तपासून घेतलं. नर आला, राहिला, गेला. मग अंडी धरल्यावर बाईने खाणं सोडलं आणि तिच्याबरोबर काकांनीही. मीटिंगमध्ये त्यांच्या फोनवर पेटीतला कॅमेरा सुरू असायचा.

एका सकाळी त्यांचा फोन आला, पण पलीकडून आवाजच फुटेना. मी चपला न घालता धावले. काका पेटीसमोर जमिनीवर बसले होते. आत पांढऱ्याशुभ्र अंड्यांना विळखा घालून बाई शांत पडली होती. जीभ मधूनच बाहेर काढत होती.

"मोकळी झाली," काका म्हणाले. मग डोळे पुसून परत म्हणाले, "मोकळी झाली गं."

मी त्यांच्या शेजारी बसले. काचेवर बोट टेकवून ते म्हणाले, "हा शब्द ऐकायला कुसुमताईच्या वेळी मी वर्ध्याच्या दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. बाहेर येऊन कोणी म्हटलाच नाही."