डायव्हर्जनवरची मंडळी

रस्त्याच्या कामावर खडीचा ढीग कोणी टाकला, हे तरी सांगता येतं. किश्शांचा ढीग कधी वाढतो, ते कळतच नाही! मी साइट इंजिनिअर. राहायला बिबवेवाडीत, नोकरी पुण्याबाहेरच्या एका हायवेच्या कामावर. जुना पूल पाडून नवा बांधायचा आणि तोवर गाड्या शेतांमधून काढलेल्या कच्च्या रस्त्यानं वळवायच्या. हे वळवायचं खातं माझ्याकडे. म्हणजे पुलाचं कौतुक दुसऱ्याला आणि शिव्या मला!

* * *

डायव्हर्जन नुकतंच सुरू झालं होतं. एक वयस्कर गृहस्थ स्कूटर बाजूला लावून माझ्याकडे आले. केसांपासून बुटांपर्यंत धूळ. मला वाटलं, आता धुळीवरून ऐकावं लागणार. त्यांनी बोर्डाकडे बोट दाखवलं.

“‘काम चालु आहे.’ यातला लू दीर्घ असतो. आपणच इंजिनिअर का?”

“हो.”

“वाटलंच.”

आम्ही निमूटपणे बोर्ड बदलला. काही दिवसांनी तेच गृहस्थ पुन्हा थांबले. चष्मा पुसून बोर्ड वाचला.

“छान. लू लांबवलात. आता काम लांबवू नका!”

* * *

एका सकाळी डायव्हर्जनवर चिटपाखरू नाही. ना हॉर्न, ना जॅम. मी खूश! म्हटलं, चला, लोकांना शिस्त लागली. तेवढ्यात सुपरवायझरचा फोन आला, “साहेब, सगळ्या गाड्या अण्णाच्या हॉटेलात शिरल्यात!”

अण्णाचं हॉटेल डायव्हर्जन सुरू होतं, त्याच्या जरा अलीकडे. जाऊन बघतो तर आमचा बाणाचा बोर्ड उपटून त्यानं आपल्या दारात रोवलेला. अंगणात ट्रक, एसटी, शाळेची व्हॅन, सगळं एकात एक अडकलेलं. ड्रायव्हर तावातावानं भांडतायत आणि भांडता भांडता मिसळ खातायत!

मी ओरडलो, “अण्णा, काय हा प्रकार?”

अण्णा शांतपणे तर्री वाढत म्हणाला, “आवो साहेब, गाड्या वळवायच्याच व्हत्या न्हवं? म्या वळवल्या! बसा, तुमाला बी देतो. लई दमलाय.”

बसलो. काय करणार, माझी जीपही आतच अडकली होती.

* * *

एकदा बायको त्याच रस्त्यानं माहेरी निघाली होती. भर उन्हात जॅममध्ये अडकली आणि तिथूनच मला फोन.

“अहो, हा रस्ता कुठल्या अतिशहाण्यानं आखलाय हो?”

“मीच.”



“तरीच! आपल्या किचनचा ओटाही तुम्हीच सुचवला होतात.”

* * *

शिंदेकाका आमचे स्टोअरकीपर. मित्राच्या मुलीचं लग्न, म्हणून काका-काकू नटूनथटून निघाले. डायव्हर्जनवर धुळीत पुढचं काही दिसेना, म्हणून फुलं लावलेल्या एका गाडीच्या मागोमाग गेले. मंडप दिसला, उतरले. अक्षता टाकल्या, आहेर दिला, स्टेजवर फोटो काढला, दोनदा जिलेबी घेतली आणि घरी आले.

संध्याकाळी मित्राचा फोन. आवाज रडवेला. “शिंदे, तू आला नाहीस. मुलगी सारखी विचारत होती रे.”

काका चक्रावले. “अरे, चांगला मांडी घालून जेवलो की!”

मग उलगडा झाला. बिचारे दुसऱ्याच दिवशी नवा आहेर घेऊन मित्राकडे गेले. काकू ऑफिसात आल्या, तेव्हा मात्र आम्ही त्यांना सोडलं नाही. “काकू, तुम्ही तर मुलीला लहानपणापासून बघताय. नवरी वेगळी आहे, हे कळलं नाही?”

काकू म्हणाल्या, “मला वाटलं, मेकअप चांगला झालाय!”

* * *

आता गजानन. यवतमाळकडचा. आमचा झेंडेवाला. रस्ता जिथे अगदी अरुंद होतो, तिथे तो उभा असायचा. लाल झेंडा दाखवून एक बाजू थांबवायची, हिरवा दाखवून दुसरी सोडायची.

खराडीच्या आयटी कंपनीतला एक तरुण असाच त्याच्यापुढे अडकला. फोनवर मॅनेजर. “ट्रस्ट मी सर, मी खरंच ट्रॅफिकमध्ये आहे!” मॅनेजरला पटेना. शेवटी वैतागून त्यानं फोन गजाननच्या हातात दिला. “दादा, प्लीज, तुम्हीच सांगा यांना.”

गजानन फोनमध्ये म्हणाला, “हो जी, साहेब इथंच हायेत. सकाळपासून बसून हायेत. काहीच काम नाही करून राह्यले!”

* * *

त्याच जागी एका दुपारी मोठा ताफा आला. पुढे-मागे गाड्या, मध्ये काळ्या काचांची एक. आत एक बडे नेते. समोरच्या टोकाला नेमकी एक जीप उभी, आणि जीपमधून एक म्हातारी जिवाच्या आकांतानं ओरडतेय, “सुनंला कळा सुटल्यात, सोडा वं!”

ती सून वेळेत दवाखान्यात पोचली, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकतो.  पण त्या घडीला ताफ्याची पहिली गाडी अरुंद रस्त्यात शिरायला लागलेली. ती शिरली असती, तर मागच्या सगळ्या शिरल्या असत्या आणि जीप तिथेच राहिली असती.

गजानन सरळ गाडीच्या बोनेटला पोट लावून उभा राहिला. एका हातात ताफ्याला लाल झेंडा, दुसऱ्या हातात जीपला हिरवा!

ताफ्यातला एक सफारी सूटवाला तणतणत खाली उतरला. मी मध्ये पडायला धावलो, पण तो गजाननच्या अंगावर पोचलाही होता.

“ए! आमच्या गाडीत कोण बसलंय, माहितीये का तुला?”

गजाननने झेंडा खाली केला नाही.

“तुमच्या गाडीत कोण हाय, ते साऱ्याइले माहीत हाय जी. त्या जीपमंदी कोण येऊन राह्यलं, ते तर त्याच्या मायलेबी अजून माहीत नाही!”