तूबाखालाची भाकरी आणि जस्ताच्या गोळ्या

आमच्या शाळेची शिपाईण तूबा. मुलं तिला खाला, म्हणजे मावशी म्हणत, मी तूबाखानम म्हणायचो. शिराझपासून दोन तासांवरच्या त्या गावात मी नऊ वर्षं मास्तरकी केली, पण चौकसपणात या बाईचा हात धरणारा मला भेटला नाही. सरपण फोडता फोडता ती विचारायची, "मास्तर, मेंढ्यांची शिंगं वाढतात, मग आपल्या पोरांची हाडंच का अडून बसतात?" मी वैतागून म्हणायचो, "तुम्ही आधी चहा ठेवा."

प्रश्न तिच्या घरातलाच होता. तिची मरजान तेरा वर्षांची, पण दिसायला आठची. बाई रात्रंदिवस त्याच काळजीत.

गावात अशी मुलं पुष्कळ. म्हणून शहरातून डॉक्टर बहमनी आले. त्यांनी मुलांना भिंतीशी उभं करून मोजलं, अंगात जस्त कमी पडल्यानं वाढ खुंटलीय म्हणाले आणि जस्ताच्या गोळ्यांचा डबा तूबाच्या हाती दिला. रोज सकाळी एकेक. "मार्चमधल्या नौरोजपर्यंत फरक पडला नाही, तर गोळ्या बंद," असं बजावून ते गेले.

पहिल्याच आठवड्यात मुलं ओकायला लागली. उपाशी पोटी कसली गोळी, म्हणून तूबा घरून भाकऱ्या आणू लागली. आमची पातळ तनोक, न आंबवता, कोंड्यासकट भाजलेली. तिच्या तनोकचं गावात नाव होतं. गोळी, वर भाकरीचा तुकडा, वर गोड चहा. ओकाऱ्या थांबल्या. मीही दोन तुकडे हाणायचो, खोटं कशाला बोलू?

तीन महिन्यांनी मी पुन्हा मोजलं. सगळे जिथल्या तिथे. गोहर नावाची एकटी मुलगी बोटभर वाढली होती.

तूबाला चैन पडेना. गोहरच्या आईचं आणि तिचं पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोन वर्षं बोलणं बंद होतं.

"काय चारते हो ती सटवी पोरीला?"

"जाऊन विचारा की."

"मी? तिच्या दारात?"

मग आठवडाभर तिनं गोहरवर नजर ठेवली. एके दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मास्तर, गोहर माझी भाकरी घेत नाही. आईनं शपथ घातलीय म्हणे. पाण्याबरोबर गोळी गिळते, मळमळलं तरी गिळते. बाकी सगळं सारखंच." तिचा चेहरा उतरला. "फरक फक्त माझ्या भाकरीचा आहे."

मी मोठ्यानं हसलो. भाकरी खाऊन कुणी खुरटतं होय? त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

नौरोजच्या आधी डॉक्टर आले. मुलांच्या आयाही जमल्या होत्या. मोजून झालं, वही मिटली. "औषध लागू पडत नाही इथे," म्हणून त्यांनी डबा उचलला. तूबा दारात आडवी उभी राहिली.

"डॉक्टरसाहेब, गोळीवर मी आपल्या मनानं भाकरी चारली. सगळ्यांना. फक्त हिच्या पोरीला नाही."

गोहरची आई फटकन म्हणाली, "हिच्या हातचं खाऊ नका, म्हणत नव्हते मी?"

तूबा दारातून हलली नाही.

डॉक्टर पुन्हा बसले. कोंड्यात असं काही असतं की ते गोळीतल्याच काय, रोजच्या जेवणातल्याही जस्ताला धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. पीठ आंबवलं की बरंचसं सोडतं, असं त्यांनी समजावलं. डबा परत टेबलावर आला. आणखी सहा महिने, आणि भाकरी गोळीनंतर दोन तासांनी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तूबा रोज घरोघरी जाऊन गोळ्या देत होती. गोहरच्या घरीसुद्धा. भाकरीचं पीठही आता आदल्या दिवशीच भिजवून आंबवायची.

शाळा उघडल्यावर मोजमाप झालं. मरजान तीन बोटं वाढली होती. बायकांनी तूबाला गराडा घातला, कुणी तिचे मुके घेतले. ती मात्र लेकीकडे बघत राहिली.

"मास्तर," ती मला म्हणाली, "इतकी वर्षं भाकरीचा सगळ्यात मोठा तुकडा मी हिलाच देत होते हो." आणि ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली.